वनूची बाग

शिंदे की छावनी, लष्कर
१८ नोव्हेंबर १९५६

वनू,

भोपाळहून आलेलं तुझं पहिलं पत्र मी अण्णांना वाचून दाखवलं. वाचताना माझा आवाज नेहमीसारखाच होता. शाळेत शिकवणाऱ्या बाईला तेवढं जमतं.

नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्या मागोमाग आपलं निम्मं लष्कर शहर रिकामं झालं. कचेऱ्या गेल्या, कपाटं गेली, तुझे रमाकांतराव गेले, तू गेलीस. वर्गातला नकाशा अजून जुनाच आहे. मुली विचारतात, "बाई, आपण आता कुठे आहोत?" मी सांगते, होतो तिथेच.

तू लिहिलं आहेस की बंगला मिळाला, पुढे-मागे मोकळी जमीन आहे, माती काळी आहे, आणि तुला अण्णांसारखी बाग करायची आहे. "अण्णा, कुठून सुरुवात करू ते सांगा." हे वाक्य मी वाचलं आणि मान वर केली, तर अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"शरू, कागद घे," म्हणाले.

मग दिवेलागणीपर्यंत सांगत होते. खड्डे किती खोल, उन्हं किती दिवस खाऊ द्यायची, काळ्या मातीत रेती कुठली घालायची. ज्यांच्या हाताखाली दरबारच्या सगळ्या बागा होत्या, ते आपले अण्णा. संस्थानाचं विलीनीकरण झालं, बागेतला बंगला सोडावा लागला, आणि या घरात आल्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची रस्त्याच्या बाजूला लावली. मागचं अंगण कसं आहे ते मोतीबिंदू वाढण्याआधीही त्यांनी कधी पाहिलं नाही. त्यांची शेव-लाडवांची आवड, औषधं, आंघोळ, सगळं मला ठाऊक आहे. पण इतकं बोलणं या घरात माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. आलं तेही तुला पाठवायला.

सोबतच्या कागदांवर त्यांचं सगळं सांगणं आहे. एक शब्द गाळलेला नाही. गाळावासा वाटला होता, हेही लिहून ठेवते.

पत्ता मात्र तू रमाकांतरावांच्या कचेरीचा दिला आहेस. बंगल्याला नंबर नसतो का?

शरू

*

लष्कर
१३ जानेवारी १९५७

वनू,

तुझे गुलाब पोचले. म्हणजे पत्रातून. समोरच्या घरातले जयसिंहराव सकाळी येऊन बसतात ते तुला माहीतच आहे. फौज मोडल्यापासून त्यांना तरी दुसरं काय काम. अण्णांनी त्यांच्यासमोर मला तुझं पत्र पुन्हा वाचायला लावलं. पिवळा गुलाब, गुलाबी गुलाब, कडेनं डेलिया, मध्ये हिरवळ.

"आमच्या वनूला हात आहे," अण्णा म्हणाले.

"हां भाई, बापाचाच हात," जयसिंहराव म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघितलं. मी चहा आणायला आत गेले. चहात साखर विसरले, असं नंतर सुलोचनाबाईंकडून कळलं. जयसिंहरावांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

मी मागचं अंगण खणायला घेतलं आहे. तुझ्यामुळे नव्हे. कपडे वाळत घालताना पायाला खडे टोचतात म्हणून. इथे पूर्वी छावणीचे घोडे बांधत असणार, कारण कुदळीला मुरूम लागतो, नाहीतर गंजलेला नाल. बाड्याच्या चौकातल्या टांगेवाल्यांकडून लीद आणते. पहिल्या दिवशी मी शाळेतून येताना पोतं घेऊन उभी राहिले, तर एकजण म्हणाला, "मास्टरनीजी, घोडा भी ले जाइए." आता ओळख झाली आहे, पोतं भरूनच ठेवतात.

मीही गुलाब लावले. दूब आणून हिरवळीची सुरुवात केली. तू अण्णांना विचारतेस ते सगळं मला कागदावर लिहायला मिळतंच, त्यामुळे मला वेगळं काही विचारावं लागत नाही. हातातली पेन्सिल खाली ठेवायची आणि कुदळ उचलायची.

काल मी त्यांना म्हटलं, "अण्णा, मीही मागे गुलाब लावलेत."

"हं," म्हणाले. आणि लगेच, "वनूला उत्तर टाकलंस ना?"

टाकते आहे.

शरू

*

लष्कर
२४ मार्च १९५७

वनू,

लिहिणार नव्हते. अण्णांचे कागद नुसते पाकिटात घालून पाठवणार होते. पण हे कुणाला तरी सांगायला हवं, आणि तुझ्याशिवाय कळेल असं दुसरं कुणी नाही. हाही एक तुझाच अपराध.

माझ्या गुलाबाला परवा चांगलं फूल आलं. टपोरं, गडद लाल. मी ते कापून अण्णांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, पाकळ्यांवरून अंगठा फिरवला. किती वेळ तसेच बसले. चेहरा असा झाला, जसा आपण लहान असताना पहाटे बागेतून फेरी मारून आल्यावर व्हायचा. मी समोर उभी. वाटलं, आता विचारतील.

"वनूनं पाठवलं?" म्हणाले.

भोपाळहून लष्करला गाडीनं यायचं म्हणजे फुलाची काय दशा होईल, हे खरं तर त्या माणसानं मला शिकवायचं. मी म्हटलं, "हो." का म्हटलं ते मला अजून समजलं नाही. त्यांनी ते फूल उशाशी ठेवायला सांगितलं, मी ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाकळ्या गादीवर पडल्या तेव्हा झटकून टाकल्या.

तू मजेत असशीलच.

शरू

*

लष्कर
२ जून १९५७

वनू,

या महिन्यात हिरवळीबद्दल काही लिहू नको. विनंती समज.

इथे लू सुरू होऊन महिना होईल. दुपारी दाराची कडी हाताला चटका देते. माझी दूब आधी पिवळी झाली, मग पांढरी, आता जुन्या गादीतल्या काथ्यासारखी दिसते. गुलाब वाळले. एकेकाला बुडाशी नखानं खरवडून बघितलं, आत हिरवं शिल्लक आहे का, कुणातही नव्हतं. नळाला पाणी येतं ते पिण्याचे हंडे भरेपर्यंत जातं, आणि गल्लीतल्या विहिरीचं खारट. मी ते खारट पाणी घालत राहिले, तुझ्याबरोबर राहायचं म्हणून. त्यानंच बहुधा लवकर मेले.

आणि त्या दिवशी तुझं पत्र. "अण्णा, तुमच्या सांगण्याप्रमाणे संध्याकाळी पाणी देते, हिरवळ अगदी पोपटी आहे, अनवाणी चालते तिच्यावर." मी हे मोठ्यानं वाचलं. घाम डोळ्यांत जात होता. अण्णांनी डोळे मिटले आणि पाय चपलांतून काढून फरशीवर ठेवले. तुझ्या हिरवळीवर, वनू. मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी सगळं उपटून टाकायला म्हणून मागे गेले. कोपऱ्यात कडुनिंबाचा पाचोळा साठला होता. मार्चमध्ये गळला, तेव्हा झाडायचं अंगात बळ नव्हतं म्हणून तसाच राहिलेला. तो पायानं सारला तर खाली माती ओली. जूनमध्ये, लष्करमध्ये, ओली! मी खाली बसले आणि हात घातला. थंडगार. एक गोम पळाली. त्याच पाचोळ्यातून अडुळसा वर आला होता, मी न लावता. भिंतीशी कण्हेर तर बहरली होती, तिला मी कधी तांब्याभर पाणीही दिलं नव्हतं. एक बोरीचं रोप, तेही आपणहून आलेलं.

मी ते काहीच उपटलं नाही. गल्लीतल्या सगळ्यांच्या दारातला पाचोळा टोपलीनं आणून अंगणभर पसरला. सुलोचनाबाई म्हणाल्या, "अगो, लोक कचरा बाहेर टाकतात, तू आत आणतेस?" न्हाणीचं पाणी नालीत जायचं, त्याला चर खणून केळीच्या दोन मुनव्यांकडे वळवलं. एक मातीची परात भरून सावलीत ठेवली, तर दुपारी तिच्यावर सातभाई पाखरं येऊन भांडत होती.

गुलाबाच्या मागे मी आता लागणार नाही. तुला मी हरले असं वाटलं तर वाटू दे.

शरू

*

लष्कर
१८ ऑगस्ट १९५७

वनू,

अण्णांचे कागद सोबत आहेत. यावेळी गुलाबाच्या काड्या कशा लावायच्या ते आहे: बोटाएवढी जाड काडी, तिरपा काप, दोन डोळे मातीच्या वर. त्यांनी कापाचा कोन मला डाव्या हातानं हवेत काढून दाखवला. मी तो कागदावर काढला आहे. भूगोल शिकवते, तिरप्या रेघा मला चांगल्या येतात.

आता माझं ऐक.

पाऊस चांगला झाला. मागे गुलबक्षी आणि सदाफुली बेसुमार झाली आहे. मी भिंतीलगत करवंदं लावली. रानगवत वाढलं ते कापलं नाही, कारण मला बघायचं होतं की त्याचं काय होतं. केळीच्या ओलीत बेडूक राहायला आले. शिंपी पाखरानं अडुळशाची दोन पानं शिवून घरटं केलं, एवढंसं. मी कपडे वाळत घालायची दोरी तिथून काढली.

जयसिंहराव त्या दिवशी आमच्याकडे मागच्या दारी हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आले ते अण्णांना म्हणाले, "लक्ष्मीकांतराव, एकदा मागे चला. पोरीनं काय जंगल बनवलंय! सच कहता हूं, आमच्या पलटणीच्या मैदानात एवढी पाखरं नव्हती."

"वनूनं बी पाठवलं असेल," अण्णा म्हणाले.

"हर चीज वनू?" जयसिंहराव चिडले. "अहो, ही शरयू, ही! रोज लीद उचलून आणते तुमची ही पोरगी!"

अण्णा हसले. वाईट हसू नव्हतं ते, म्हणूनच मला झोंबलं. म्हणाले, "शरूला बागेचं काय? ती पहिल्यापासून पुस्तकातली. बाग माझी वनू करते."

जयसिंहराव पुढेही काही म्हणाले असतील. मी मागे गेले आणि सगळ्यात भरलेलं गुलबक्षीचं झाड मुळासकट उपटलं. माझंच झाड. मग पुन्हा लावलं, पाणी घातलं. जगलं नाही.

वनू, नागपंचमीला येते म्हणालीस, आली नाहीस. अण्णांच्या वाढदिवसाला रमाकांतरावांना रजा नव्हती. एवढी बाग सोडवत नसेल. मला तुझा हेवा वाटतो. हे एकदा सरळ लिहिते म्हणजे ओळीओळीतून काढत बसायला नको. तुझ्या मातीचा नाही, बंगल्याचा नाही. अण्णांनी तुझ्या हिरवळीवर पाय ठेवले त्याचा.

दिवाळीला ये. नाही आलीस तर मी येईन तुझी बाग बघायला. ही धमकी वाटली तर तशीच समज.

शरू

*

लष्कर
३ नोव्हेंबर १९५७

वनू,

लीलाताईंनी तुला सांगितलंच असेल की तुझी बहीण येऊन गेली.

मी न कळवता निघाले ते मुद्दामच. सुलोचनाबाईंना अण्णांजवळ ठेवलं. अण्णांना म्हटलं, "वनूची बाग बघून येते," तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. परीक्षेला निघालेल्या मुलीच्या ठेवतात तसा. "नीट बघ. सगळं सांग मला." गाडीत झाशीपर्यंत मी ठरवत होते की मी काय काय बघायचं. चुका बघायच्या, वनू. डेलिया फार जवळ लावले असतील, कडा वेड्यावाकड्या असतील. मला एक तरी चूक हवी होती.

रमाकांतरावांच्या कचेरीत गेले. ते दौऱ्यावर, आणि तू त्यांच्याबरोबर सीहोरला गेलेली, नणंदेकडे. कचेरीतला एक कारकून आपल्या लष्करचाच निघाला. मी म्हटलं, "बंगल्याचा पत्ता द्या." तो म्हणाला, "बंगला कसला ताई? आम्ही सगळे बराकीतच आहोत. नंबर लागेल तेव्हा लागेल." त्यानं टांगा करून दिला.

शहराबाहेर त्या जुन्या बराकींची रांग. मध्ये चटयांचे आडोसे. एका नळावर बादल्यांची ओळ. मी तुझं नाव विचारलं तर शेजारच्या दारातून लीलाताई बाहेर आल्या, नागपूरच्या, त्यांचेही यजमान तिथली राजधानी मोडल्यावर इथे आलेले.

"तुम्ही शरूताई? अहो, या ना! ती तुमचंच सांगत राहते सारखी." किल्ली त्यांच्याकडे होती. दार उघडून त्यांनी मला तुझ्या खाटेवर बसवलं आणि पाणी आणायला गेल्या.

दोन खोल्या. दुसरीला खिडकीच नाही. समोर फरशी, फरशीपुढे रस्ता. माती म्हणून कुठे नाही, काळी नाही की लाल नाही.

मला काय वाटलं ते लिहिते, तू रागाव. मला आनंद झाला. खाटेवर बसून मी हसले. वर्षभर जी बाग मला टोचत होती ती नव्हतीच! मला वाटलं, आत्ता परत जावं आणि अण्णांना सांगावं, पाय काढा त्या हिरवळीवरून, खाली नुसती फरशी आहे.

लीलाताई पाणी घेऊन आल्या. मी विचारलं, "हिची बाग कुठे?"

त्या म्हणाल्या, "ती काय, दाराशी."

मी येताना तीच ओलांडून आले होते. वनस्पती तुपाचा रिकामा डबा. त्यात एक काडी, बोटाएवढी जाड. वर तिरपा काप, अगदी मी काढला होता तसा. दोन डोळे मातीच्या वर. एका डोळ्यातून तांबूस पान फुटलेलं, उंदराच्या कानाएवढं.

"वडलांचं पत्र आलं की वाचते," लीलाताई सांगत होत्या, "आणि मग त्या डब्यात करते काही ना काही. हिवाळ्यात डेलिया लावला होता, गेला. उन्हाळ्यात गवत लावलं होतं एवढंसं, त्यावर बोटं फिरवत बसायची. मी म्हटलं, अगं, काय चाललंय तुझं? तर म्हणे, अण्णांनी सांगितलंय. म्हणे, ताईचं बरं आहे, तिला रोज अण्णा मिळतात."

रोज अण्णा! रोजचे अण्णा म्हणजे भांडं द्यायचं, कूस बदलायची, आणि तुझं पत्र वाचायचं. ये आणि घेऊन जा.

मी संध्याकाळच्याच गाडीनं निघाले. गाडीत हसू येईना. एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. माझी बाग खरी आहे, त्यांच्या पाठीमागे दहा पावलांवर आहे, आणि ती त्यांना दिसत नाही. तुझी नाहीच, आणि तिथली प्रत्येक क्यारी, प्रत्येक वाफा त्यांना पाठ आहे. आता मला तुझ्या बागेचा नाही, तुझ्या खोट्याचा हेवा वाटतो. मी रोज लीद वाहिली आणि तू नुसतं लिहिलंस.

आल्यापासून अण्णा विचारताहेत. अंग दुखतंय असं सांगून मी दोन दिवस काढले. उद्या सांगणार आहे. सगळं, फरशीसकट. तुला आधी कळवलं नाही असं व्हायला नको म्हणून हे पत्र.

शरू

*

लष्कर
२४ नोव्हेंबर १९५७

वनू,

तुझं पत्र मिळालं. एवढंच लिहिलं आहेस, "ताई, अण्णांना सांगितलंस का? निघताना त्यांनी सांगितलं होतं, जमीन कशी आहे ते लिही, आणि मला नाही म्हणून लिहवलं नाही." हे पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही. आता काय झालं ते सांगते.

सकाळी त्यांचा चहा झाला. मी खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसले.

"सांग," म्हणाले. "हिरवळ कशी आहे?"

"हिरवळ नाही, अण्णा."

एवढं मी धीटपणे म्हटलं. त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर होता, तो नुसता घट्ट झाला. बाकी चेहऱ्यावर काही नाही. आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून येईना. मी म्हटलं, "लूमध्ये जळली."

"मग? काय केलं तिनं?"

वनू, तुझ्या बराकीबद्दल तर सांगवेना, आणि तुझ्यासारखं रचता मला येत नाही. मला एकच बाग ठाऊक आहे. मी तीच सांगितली. पाचोळा पसरला, त्याखाली ओल राहते. न्हाणीचं पाणी केळीकडे वळवलं. रानगवत कापत नाही, बी धरू देते, मग मुनियांचे थवे त्या काड्यांवर बसतात आणि काड्या वाकतात. कण्हेर, अडुळसा, करवंदं. बेडूक. त्या पिटुकल्या शिंप्याची पिल्लं उडाली त्या दिवशी तर... असं मी किती वेळ बोलत होते कोण जाणे. मध्येच लक्षात आलं की अण्णा एकही प्रश्न विचारत नाहीत. तुझं पत्र असलं की ओळीला एक प्रश्न असतो.

"गवत बी धरेपर्यंत ठेवते?" शेवटी म्हणाले.

"हो."

"वनूला एवढा धीर कुठला? रोप लावलं की दुसऱ्या दिवशी उपटून बघायची, मूळ फुटलं का. मी किती मारलं असेल तिला त्यापायी." मग माझ्या बाजूला तोंड वळवून म्हणाले, "शरू, ही कुणाची बाग सांगते आहेस?"

मी स्टुलावरून उठले.

"मागे खुर्ची लाव," म्हणाले.

जयसिंहरावांना हाक मारून आम्ही दोघांनी त्यांना मागच्या दारी नेलं. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. उन्हं अंगणात आली होती. त्यांना फार तर हिरवं-पिवळं काहीतरी दिसलं असेल. पण ते ऐकत होते. मग म्हणाले, "खाली बसवा मला." आम्ही त्यांना पाचोळ्यावर बसवलं. त्यांनी डावा हात आत घातला, मनगटापर्यंत, आणि मूठभर माती काढून नाकाशी नेली. जयसिंहराव माझ्याकडे बघत होते. मी कुणाकडेच बघत नव्हते.

तसेच बसल्या जागी सरकत सरकत भिंतीपर्यंत गेले. करवंदांचे काटे लागले हाताला, तरी चाचपत राहिले.

"कुणी लावली ही?"

"मी."

"भिंतीला इतकी चिकटून? मुळं कुठे जायची? अक्कल आहे की नाही? हातभर पुढे घ्यायची. आणि केळीला एकाच चरातून पाणी देतेस, ती सडेल. दोन चर कर, आलटून पालटून सोड."

वनू, अण्णा मला रागावले! बागेवरून! तुला लहानपणापासून ही बोलणी मिळत आली, तुला त्याचं काय. मी तिथेच उभी राहून रडले, आणि जयसिंहराव म्हणायला लागले, "अरे बेटा, ते तसे बोलतात, मनावर घेऊ नको." मी काय मनावर घेतलं ते त्यांना कुठून कळणार.

आत आणल्यावर त्यांनी विचारलं, "आणि तिच्याकडे काय आहे?"

मी खरं सांगितलं. बराक, नळ, फरशी, डबा. काडीला एक पान फुटलंय तेही सांगितलं. मला वाटलं होतं ते कोसळतील. ते अंगठ्यानं बोटांना लागलेली माती चोळत राहिले. मग म्हणाले, "मला बंगल्यातून काढलं तेव्हा मी कुठे कुणाला सांगितलं, की झोप लागत नाही म्हणून. तिनं ओळखलं असेल, म्हणून बाग लिहिली." आणि वर, "मला कळलं हे तिला सांगू नकोस. लाजेल. पत्रं बंद करेल."

मी वचन दिलं नाही. म्हणून सांगते आहे. आणखी एका वर्षाची हिरवळ तू कुठून आणणार, आणि मी ती कुठल्या तोंडानं वाचणार? यंदा पाल्यानं, कडाक्याच्या थंडीनं, सगळी बाग गेली असं एकदा लिहून टाक, आणि पुढच्या पत्रापासून डब्याचं लिही. मग मार्चमध्ये रमाकांतरावांना रजा मिळो न मिळो, तू एकटी ये. इथे माती पुष्कळ आहे. तुला एक कोपरा देईन. मोठा देणार नाही.

सोबत अण्णांचे कागद आहेत. काल शाळेतून आले तर म्हणाले, "शरू, कागद घे," आणि मला वाटलं, आता माझ्या करवंदांचं काहीतरी सांगणार. तर नाही. तुला सांगू नकोस म्हणाले होते ते स्वतःच विसरून चार पानं नुसती तुझ्या डब्याची सांगितली. उन्हात किती ठेवायचा, भिंतीपासून किती लांब, पान पिवळं पडलं तर काय. मी विचारलं, "आणि माझी करवंदं?" तर म्हणाले, "थांब, आधी हिचा डबा होऊ दे."

तेव्हा डब्याला खाली भोक पाडलं आहेस का, ते उलट टपालानं कळव. तुझं उत्तर येईपर्यंत ते दुसरं काही बोलायचे नाहीत.

शरू